आधी अर्ज केला म्हणून नाव त्याचंच, असं नाही

रत्नागिरी आणि मालवणच्या दोन डेव्हलपरांनी आपापल्या गेमला ‘गलबत’ हेच नाव दिलं, त्यावर ‘ट्रेडमार्कचा अर्ज आधी केला त्याचं नाव’ असा निवाडा एका लेखात दिलाय. तो साफ चुकीचा आहे. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याचं कलम ३४ आधीपासून सलग वापर करणाऱ्याला संरक्षण देतं, समोरच्याकडे नोंदणी असली तरी. पण वापर म्हणजे लोकांसमोरचा वापर: डेमोचं पान, ट्रेलर, विक्रीची बिलं. खाजगी फोल्डरमधला कोड इथे फारसा कामाचा नाही. म्हणून या पानांच्या तारखांसह प्रती आजच काढून ठेवा. समोरच्याचा अर्ज ट्रेडमार्क कार्यालयाच्या जर्नलमध्ये छापून आला की विरोध नोंदवायला ४ महिनेच मिळतात, आणि नेमकी तीच मुदत हातची जाते. स्वतः अर्ज करताना डाउनलोड होणाऱ्या गेमसाठी ट्रेडमार्क नोंदणीतला वर्ग ९ बघा, ऑनलाइन खेळवत असाल तर ४१ सुद्धा.

तरी कोर्टाआधी एकमेकांना फोन करा, दोघंही कोकणातलेच आहात! एकाने उपशीर्षक जोडावं, आयकॉनचा रंग बदलावा आणि ठरलेलं लेखी घ्यावं. गूगल प्लेवर शीर्षक बदलता येतं, रिव्ह्यू तसेच राहतात. पॅकेजचं नाव (अ‍ॅपची आतली ओळख) मात्र प्रकाशित झाल्यावर बदलत नाही, लिंकमध्ये जुनंच दिसत राहतं. करारात तेही नमूद करा.