पालेकरांचं दिग्दर्शन म्हणजे उतारवयातली सोय नव्हे

अभिनेते-दिग्दर्शक अमोल पालेकरांवरच्या लेखात म्हटलंय की नायकाची कामं आटल्यावर ते दिग्दर्शनाकडे वळले. तारखा पाहा: ते नायक असलेला 'गोलमाल' १९७९चा, 'नरम गरम' १९८१चा आणि त्यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट 'आक्रीत'ही १९८१चाच! पहिल्याच दिग्दर्शनात त्यांनी स्वतःकडे मुख्य भूमिका घेतली तीही खलनायकी, विषय परभणी जिल्ह्यातल्या मानवत गावच्या खऱ्या हत्याकांडाचा. पडद्यावरच्या साध्यासरळ माणसाची प्रतिमा त्यांनी स्वतःच मोडली, हे धाडस लेखात यायलाच हवं होतं.

त्यांच्या 'अनकही' चित्रपटाचा पाया चिं. त्र्यं. खानोलकरांचं नाटक 'कालाय तस्मै नमः'. या चित्रपटात पं. भीमसेन जोशी गायले. त्यांना आणि संगीतकार जयदेवना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. दूरदर्शनवरची मालिका 'कच्ची धूप', पुढे 'बनगरवाडी' आणि संततिनियमनाचे प्रचारक र. धों. कर्व्यांवरचं 'ध्यासपर्व' हे चित्रपट, यांचा तर लेखात उल्लेखही नाही. एकट्या 'पहेली' या चित्रपटावर ही दिग्दर्शनाची कारकीर्द मोजू नका.