मळीचा चिकटपणा आणि बोटीचे इंजिन

कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर आणि शिरोळ तालुक्यांच्या नदीकाठच्या गावांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या ‘पूरबोट चालवणाऱ्यांनी जरूर वाचावे’ अशा मथळ्याचा एक संदेश फिरत आहे. तो कोणी लिहिला हे कोणालाच ठाऊक नाही. खाली ‘एक अनुभवी मेकॅनिक’ एवढीच सही आहे आणि तेवढ्यावर तो खरा मानला जात आहे. त्यात सांगितले आहे ते थोडक्यात असे. पेट्रोलमध्ये आता मळीपासूनचे इथेनॉल असते आणि मळी मुळातच चिकट असल्यामुळे टू-स्ट्रोक इंजिनाला लिटरमागे २० मिलीऐवजी १० मिली तेल पुरते. बोटीसाठीचे वेगळे तेल ही कंपन्यांची लूट असून पंपावरचे टू-टी (दुचाकींचे टू-स्ट्रोक तेल) किंवा ट्रॅक्टरचे इंजिन ऑइलही चालते. निळा धूर दिसल्यास तो थांबेपर्यंत तेल कमी करत जावे. आणि संपूर्ण पावसाळ्याचे मिश्रण मे महिन्यातच तयार करून, गॅस धरू नये म्हणून झाकण किंचित सैल ठेवून साठवावे.

हा संदेश मला माझ्या मावसभावाने पाठवला. तो गावच्या आपत्ती पथकात बोट चालवतो आणि ‘दादा, हे बरोबर आहे ना?’ हा प्रश्न त्याने संदेशाप्रमाणे कॅन भरून झाल्यानंतर विचारला. पुढील लेखनात थोडा त्रासिक सूर उमटला, तर त्याचे कारण हे आहे.

टू-स्ट्रोक इंजिनात तेल पेट्रोलमध्येच का मिसळावे लागते, हे लक्षात घेतल्याशिवाय या संदेशातला धोका कळणार नाही. आपल्याकडे ऑइल इंजिन घरोघरी माहीत आहे. त्याच्या तळाशी तेलाचा साठा असतो, ते तेल आतल्या आत फिरत राहते आणि ठरावीक तासांनी बदलले जाते. बोटीच्या मागे बाहेरून बसवलेल्या टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिनात असा साठा नसतो. कार्बोरेटरमधून आलेले हवा, पेट्रोल आणि तेल यांचे मिश्रण प्रथम क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या तळाच्या कप्प्यात शिरते, तिथे पेट्रोलची वाफ होत असताना तेलाचे बारीक थेंब क्रँकच्या बेअरिंगवर, कनेक्टिंग रॉडच्या दोन्ही टोकांना आणि सिलिंडरच्या भिंतीवर बसतात, आणि मग उरलेले तेल पेट्रोलबरोबर जळून जाते. म्हणजे इंजिनाला मिळणारे सगळे वंगण त्या कॅनमध्ये आपण जेवढे ओततो तेवढेच असते. त्यात चूक झाली, तर ती सावरून घेणारी दुसरी कोणतीही व्यवस्था इंजिनात नाही.

आता मळीकडे येऊ, कारण या संदेशाचा सर्वांत हास्यास्पद आणि सर्वांत घातक मुद्दा तोच आहे. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात मळी पाहिली नाही असा माणूस विरळा, आणि म्हणूनच हा युक्तिवाद इथे चटकन पटतो. मळी चिकट असते ती तिच्यातल्या साखरेमुळे आणि क्षारांमुळे. आसवनीत मळी पाणी घालून आंबवतात, साखरेचे रूपांतर मद्यार्कात होते, आणि मग तो मद्यार्क वाफेच्या रूपाने वेगळा काढला जातो. जे काही चिकट, काळे आणि जड असते ते मागे राहून सांडपाण्यात जाते. पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी त्या मद्यार्कातले पाणीही जवळजवळ पूर्ण काढून टाकतात. या इथेनॉलमध्ये मळीचा चिकटपणा शोधणे म्हणजे पावसाच्या पाण्यात समुद्राचे मीठ शोधण्यासारखे आहे. शिवाय देशात इथेनॉल केवळ मळीपासून होत नाही; उसाचा रस, मका आणि तांदूळ यांपासूनही ते मोठ्या प्रमाणावर तयार होते. ‘अनुभवी मेकॅनिक’ महाशयांच्या तर्काने मग मक्याच्या पिठाचेही वंगण व्हायला हवे.

प्रत्यक्षात इथेनॉलमुळे तेलाची गरज कमी होत नाही, उलट चूक पचवण्याची इंजिनाची ताकद कमी होते. इथेनॉल हे पातळ द्रावक आहे आणि त्याला वंगणाचा म्हणण्यासारखा गुण नाही. त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असल्यामुळे, जुन्या पेट्रोलसाठी जेट (पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र) बसवलेल्या कार्बोरेटरमधून २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल गेले की मिश्रणात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते, म्हणजे ते ज्याला आपले मेकॅनिक ‘लीन’ म्हणतात तसे होते आणि इंजिन अधिक तापू शकते. अनेक आउटबोर्ड इंजिनांच्या पुस्तिकांत इथेनॉलची मर्यादा १० टक्के छापलेली आहे आणि आपल्या पंपांवर २०२५पासून सर्रास २० टक्क्यांचे पेट्रोल मिळते, ही अडचण खरीच आहे. परंतु आधीच जास्त तापणाऱ्या इंजिनाचे तेल निम्म्यावर आणणे हा त्या अडचणीवरचा उपाय कसा होतो, हे संदेशाच्या लेखकालाच ठाऊक.

आणखी एक गोष्ट पूरग्रस्त गावांनी विशेष लक्षात ठेवावी. इथेनॉल पाणी ओढून घेते. कॅनमध्ये किंवा टाकीत मर्यादेपेक्षा जास्त पाणी शिरले की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्याबरोबर तळाशी वेगळा थर करते. टू-स्ट्रोकचे तेल या खालच्या थरात विरघळत नाही. ते वरच्या पेट्रोलमध्येच राहते. टाकीतली ओढनळी मात्र तळाजवळ असते. परिणामी, तुम्ही तेल अगदी मोजून घातलेले असले तरी इंजिनाला जे पोहोचते त्यात तेल नसते. नशीब चांगले असेल तर इंजिन आचके देऊन बंद पडते. वाईट असेल तर त्याआधी थोडा वेळ कोरडे फिरते.

कोरडे किंवा अर्धपोटी फिरल्यावर काय होते, तेही सांगून टाकतो. ॲल्युमिनियमचा पिस्टन लोखंडी लायनरपेक्षा अधिक फुगतो. दोहोंमधली फट भरून काढणारा तेलाचा थर तुटला की पिस्टनची कड लायनरला घासते, ओरखडे पडतात आणि शेवटी पिस्टन पकडतो. ही वेळ नेमकी कधी येते? बोट रिकामी असताना, संथ पाण्यात चाचणी घेताना ती सहसा येत नाही, आणि म्हणूनच ‘आम्ही चालवून पाहिले, काही झाले नाही’ असे सांगणारे भेटतात. ती येते बोटीत माणसे भरलेली असताना, प्रवाहाच्या विरुद्ध पूर्ण थ्रॉटलवर. नृसिंहवाडीजवळ कृष्णा-पंचगंगेच्या संगमाच्या भागात किंवा चिखली-आंबेवाडीच्या बाजूला पुराच्या पाण्याला ओढ किती असते, हे तिथल्या लोकांना मी सांगायला नको. जाम झालेले इंजिन नंतर कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यात नेऊन बोअर करून घेता येईल. मधल्या वेळेत ती बोट कोठे वाहत जाईल, याचा विचार संदेशात नाही. २४ लिटरच्या टाकीला ५०:१ (५० भाग पेट्रोलला १ भाग तेल) या प्रमाणात ४८० मिली तेल लागते आणि संदेशाचा सल्ला मानल्यास २४० मिली वाचते. एवढ्या बचतीसाठी हा खटाटोप आहे.

इथे एक अर्धसत्य नाइलाजाने मान्य करावे लागते. लिटरमागे १० मिली, म्हणजे १००:१, हे प्रमाण संदेशाच्या लेखकाने हवेतून आणलेले नाही. यामाहाच्या काही टू-स्ट्रोक मॉडेलांना हे प्रमाण कंपनीनेच दिलेले आहे. अमेरिकेत जॉन्सन आणि एव्हिनरूड ही इंजिने बनवणाऱ्या आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशनने १९८०च्या दशकात आपल्या इंजिनांसाठी १००:१ची शिफारस केली होती आणि काही वर्षांतच ती पुन्हा ५०:१वर आली. म्हणजे हे प्रमाण ठरावीक इंजिनांपुरते आहे, त्याचा इथेनॉलशी संबंध नाही, आणि ते कोणाला लागू आहे हे शेजारच्या गावच्या अनुभवावरून ठरत नाही. ते इंजिनाबरोबर आलेल्या पुस्तिकेतल्या तक्त्यावरून ठरते. यामाहा आणि टोहात्सू यांच्या प्रचलित टू-स्ट्रोक आउटबोर्डच्या पुस्तिकांत नव्या इंजिनासाठी पहिले १० तास २५:१, म्हणजे लिटरला ४० मिली, आणि त्यानंतर बहुतेक मॉडेलांना ५०:१ असे स्पष्ट छापलेले आहे. एखाद्या गावाला नुकतीच नवी बोट मिळाली असेल, तर हा संदेश तिथे गरजेच्या केवळ चौथा हिस्सा तेल घालायला सांगत आहे. माझ्या सगळ्या प्रतिवादाचा आधार म्हणाल तर तो हा तक्ता आहे, आणि पुस्तिका प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवलेली असते. ती एकदा उघडावी.

तेलाच्या प्रकाराचा मुद्दा त्या मानाने साधा आहे. टीसी-डब्ल्यू३ ही अमेरिकेतल्या बोट उद्योगाच्या संघटनेने, म्हणजे नॅशनल मरीन मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशनने, पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनांच्या तेलासाठी ठरवलेली प्रत आहे. त्या शिक्क्याचे तेल अनेक कंपन्या बनवतात, त्यामुळे एका कंपनीच्या लुटीचा प्रश्न येत नाही. पंपावर मिळणारे टू-टी तेल, ज्याच्या डब्यावर जासो (जपानी मानक) एफबी किंवा एफसी असे लिहिलेले असते, हवेवर थंड होणाऱ्या दुचाकींसाठी असते. त्यातली धातुयुक्त रसायने गरम इंजिनात आपले काम करतात; पाण्याने थंड राहणाऱ्या आणि तासन्‌तास एकाच भाराखाली चालणाऱ्या बोटीच्या इंजिनात मात्र त्यांची राख प्लगवर आणि पिस्टनच्या माथ्यावर साठते, आणि ती तापून मिश्रण अवेळी पेटवू शकते. टीसी-डब्ल्यू३ तेल राखविरहित ठेवण्यामागे हेच कारण आहे. आणीबाणीत दुसरे काहीच हाताशी नसेल, तर चांगल्या टू-टी तेलावर, योग्य प्रमाणात, एखादी टाकी चालवण्याने इंजिन लगेच मरणार नाही, एवढे मी मान्य करतो.

ट्रॅक्टरच्या इंजिन ऑइलबाबत मात्र तेवढीही सवलत देता येत नाही. ते तेल जळण्यासाठी बनवलेलेच नाही. त्यात कॅल्शियम आणि जस्त यांची संयुगे असतात, ती जळाल्यावर राख होते, आणि जाड असल्यामुळे ते पेट्रोलमध्ये नीट मिसळतही नाही.

धुराबद्दल एवढेच सांगावेसे वाटते की थंड इंजिन सुरू करताना आणि संथ चालवताना टू-स्ट्रोकने थोडा निळसर धूर देणे स्वाभाविक आहे. तेल प्रमाणाबाहेर झाले तर धूर वाढतो, प्लग काळे होतात, पिस्टनच्या रिंगा चिकटतात, हे खरे आहे, आणि ‘जास्त तेल म्हणजे जास्त आयुष्य’ असे मानणाऱ्यांनीही ते ऐकून ठेवावे. पेट्रोलच्या जागी तेल वाढल्याने मिश्रण उलट लीन होते. परंतु धूर पाहून तेलाचे प्रमाण ठरवणे हा अंदाजपंचे कारभार आहे. मापाचे भांडे काही रुपयांत मिळते.

साठवणुकीच्या सल्ल्यामागची चिंता मला समजते. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला होता, आणि रस्ता बंद झाला की इंधनाचे टँकर पोहोचत नाहीत. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांची इशारा पातळी गाठेपर्यंत पेट्रोलची सोय झालेली असावी, ४३ फुटांच्या धोका पातळीनंतर धावाधाव करू नये, हे योग्यच आहे. मात्र साठा करायचा तो नियमांच्या मर्यादेत आणि मिश्रणाचा नव्हे. तेलाचे बंद डबे वर्षानुवर्षे टिकतात. पेट्रोल काही आठवड्यांत उतरू लागते, त्याचे हलके घटक उडून जातात आणि मागे राहिलेला चिकटा कार्बोरेटरच्या जेटमध्ये बसतो. (चिकटपणा शोधणाऱ्यांना तो इथे सापडेल.) झाकण सैल ठेवण्याचा सल्ला तर दोन बाजूंनी घातक आहे. कोल्हापूरच्या जुलैतल्या दमट हवेतून इथेनॉल ओलावा ओढत राहते, आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे बंद खोलीत जमिनीलगत साचून एका ठिणगीची वाट पाहते. कॅन इंधनासाठीचाच असावा, झाकण घट्ट असावे, वर थोडी जागा रिकामी सोडावी, कॅन सावलीत ठेवावा, आणि मिश्रण दोन-तीन दिवसांत लागेल एवढेच करावे. करताना आधी थोडे पेट्रोल, त्यात मोजलेले सगळे तेल, मग नीट हलवून उरलेले पेट्रोल, आणि पुन्हा हलवणे, हा क्रम ठेवावा.

संदेशात ज्याचा उल्लेखच नाही तेही सांगायला हवे. गावात आलेली प्रत्येक बोट टू-स्ट्रोक असते असे नाही. इंजिन फोर-स्ट्रोक असेल, तर त्याच्या पेट्रोलमध्ये तेलाचा थेंबही मिसळायचा नसतो. तेलाची वेगळी टाकी असलेल्या टू-स्ट्रोकमध्ये इंजिन स्वतःच तेल घेते, आणि तिथे पुस्तिकेने सांगितल्याशिवाय मिश्रण ओतू नये. कोणते इंजिन कोणते हे बहुतेक वेळा इंजिनाच्या आवरणावरच लिहिलेले असते.

ज्यांनी हा संदेश मानून कॅन आधीच भरून ठेवले आहेत आणि ज्यांचे इंजिन ५०:१चे आहे, त्यांनी तेल टीसी-डब्ल्यू३ असल्यास २० लिटरमागे आणखी २०० मिली घालून कॅन चांगला हलवावा; आधी थोडे मिश्रण पारदर्शक बाटलीत काढून तळाशी वेगळा थर दिसतो का ते पाहावे, आणि दिसल्यास तो कॅन बोटीसाठी वापरू नये. ट्रॅक्टरचे तेल घातले असेल तर ते मिश्रण बोटीच्या इंजिनात ओतूच नये. आणि ज्यांनी अशा मिश्रणावर इंजिन चालवलेही आहे, त्यांनी नदी पात्राबाहेर येण्यापूर्वी प्लग काढून पाहावेत, मेकॅनिककडून कॉम्प्रेशन (सिलिंडरातला दाब) तपासून घ्यावे, आणि दोन सिलिंडरांच्या आकड्यांत मोठा फरक निघाल्यास ती बोट दुरुस्ती होईपर्यंत पथकाच्या यादीतून काढून ठेवावी.