मॉडिफाइड गाडीने कोकणात जाताना ॲव्हरेज कसं राखावं

गाडी स्टेज टू केलीत (म्हणजे सॉफ्टवेअरसोबत सुटे भागही बदलून इंजिनाची ताकद वाढवलीत), टर्बोमागची एक्झॉस्टची नळी म्हणजे डाउनपाइप बदललात, पुढच्या बंपरखालची लिप जमिनीपासून चार बोटांवर आणलीत आणि आता मे महिन्यात बायकोपोरांना घेऊन सावंतवाडीला निघालात. उत्तम. पैसे कसे उडवायचे हे तुम्हाला शिकवायची गरज नाही. प्रश्न उरतो तो ॲव्हरेजचा. गावी पोचल्यावर तुम्हाला कुणी बीएचपी विचारणार नाही, शून्य ते शंभर किती सेकंदांत जाते हेही विचारणार नाही. गाडीचं दार उघडायच्या आत पहिला प्रश्न येईल, ‘किती देते?’ तेव्हा त्या उत्तराची तयारी पनवेलच्या आधीपासूनच करायला हवी.

रीमॅपने, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम (मॅप) बदलल्याने, ॲव्हरेज वाढतं, असं तुमच्या ट्यूनरने सांगितलंच असेल. तो खोटं बोलत नाही. कमी आरपीएमला जास्त टॉर्क (ओढ) मिळाला की वरचा गिअर लवकर पडतो, इंजिन निवांत चालतं आणि थोडंफार पेट्रोल वाचूही शकतं. अट एवढीच, की गाडी पूर्वीसारखीच चालवायची. लाखभर रुपये घालून गाडी पूर्वीसारखीच चालवणारा सद्‌गृहस्थ आढळल्यास कृपया कळवावे, त्याचा नारळ देऊन सत्कार करू.

इंजिनाचा हिशेब तसा सरळ आहे. एक भाग पेट्रोल पुरतं जळायला वजनाने १४.७ भाग हवा लागते. आरामात चाललेल्या गाडीत ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, हेच प्रमाण धरून बसलेला असतो. तुम्ही पाय दाबलात, टर्बोच्या हवेचा दाब म्हणजे बूस्ट चढलं, की आतली उष्णता वाढते आणि नॉकिंगचा, म्हणजे मिश्रण अवेळी आपोआप पेटण्याचा, धोका उभा राहतो. मग तो मिश्रण रिच करतो, म्हणजे हवेचं प्रमाण बाराच्या आसपास आणतो. हे जादा पेट्रोल पुरतं जळतच नाही, त्याचं मुख्य काम इंजिन थंड ठेवण्याचं. आमच्या आज्या ताप चढलेल्या पोराच्या कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवायच्या. तुम्ही त्या शंभराच्या वर भाव असलेल्या पेट्रोलच्या ठेवता, आणि त्याही प्रत्येक ओव्हरटेकला. याबद्दल मनात अपराधी भाव आणू नये. तेल कंपन्यांनाही पोटं आहेत.

त्यात तुम्ही ‘पॉप्स अँड बँग्स’, म्हणजे सायलेन्सरमधले फटाके, करून घेतलेलं असणारच. कंपनीतून आलेली गाडी गिअरमध्ये असताना तुम्ही पाय उचललात की पेट्रोल सोडणारे इंजेक्टर पार बंद होतात. गाडी आपल्या वेगावर पुढे जात राहते आणि पेट्रोल शून्य. एवढी फुकटची गोष्ट तुम्हाला कशी परवडेल? म्हणून पैसे मोजून ती बंद करून घेतलीत. आता पाय उचलला तरी पेट्रोल सुटतं, ठिणगी मुद्दाम उशिरा पडते आणि स्फोट सायलेन्सरच्या नळीत होतो. त्या आवाजाने पोलादपूरच्या नाक्यावरची कुत्री उठून बसतात. धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढलेला असेल तर आवाज आणखी खुलतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ अशा फेरफारांबद्दल काय म्हणतं ते वाचू नका, प्रवासाचा मूड जातो.

ज्यांनी हा फटाक्यांचा मॅप घातलेला नाही, त्यांच्यासाठी एक हुकमी युक्ती. सरळ महामार्गाने जाऊ नका. खंडाळ्याचा घाट चढून पुणे, कोल्हापूर करत आजऱ्याकडून आंबोलीला या. घाट सुरू होतो तिथे गाडी बाजूला घ्या, ट्रिप मीटर शून्य करा आणि तिसऱ्या गिअरमध्ये पाय उचलून उतरायला लागा. इंजेक्टर बंद, त्यामुळे डॅशबोर्डावरचा आकडा चढत चढत ९९.९ वर जाऊन थांबेल. त्याच क्षणी शेजारी बसलेल्या माणसाकडून फोटो काढून घ्या, कारण दाणोलीनंतर सपाटी लागली की हा आकडा टिकत नाही. न्यूट्रलमध्ये मात्र उतरू नका. न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच, शिवाय ब्रेक तापून वास सुटतो आणि फोटोत चेहरा घाबरलेला येतो. हा फोटो मिळवायला सह्याद्री चढताना जे पेट्रोल गेलं, ते फोटोत दिसत नाही.

महामार्गाने जाणाऱ्यांचं दैव निराळं. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं. तेव्हा ज्याचं बारसं केलंत ते कार्टं आता मागच्या सीटवरून विचारतं, ‘बाबा, अजून माणगावच?’ या रांगेत तुमची अडीचशे घोड्यांची गाडी पुढच्या टेम्पोमागे उभी असते. एसी फुल्ल. दोन लिटरचं इंजिन उभ्या उभ्या तासाला साधारण लिटरभर पितं आणि त्या लिटरात शून्य किलोमीटर चालतं. गाडी हलत नसल्यामुळे टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरला वारा नाही, आत जाणारी हवा भट्टीतली. मग ईसीयू टायमिंग मागे खेचतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो, आणि तुमचे विकत घेतलेले घोडे एकेक करून सावलीला जाऊन बसतात. मागून होंडा ॲक्टिव्हावर माशांची टोपली घेतलेला माणूस येतो, डाव्या बाजूच्या खडीवरून पुढे जातो आणि जाता जाता तुमच्या मागच्या स्पॉयलरकडे नीट बघून घेतो.

खारेपाटण ओलांडलं की सिंधुदुर्गातला चांगला चौपदरी रस्ता लागतो. इथे सगळ्याचा सूड उगवायचा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ताशी ८० ऐवजी १२० ने गेलात तर हवा सव्वादोन पट जोर लावते. साठ किलोमीटरला तुमची पंधरा मिनिटं वाचतील. ती कुडाळात सुरमई थाळीच्या रांगेत उभं राहायला उपयोगी पडतात.

किनाऱ्याने जाणाऱ्यांना फेरीबोटीचा लाभ आहे. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या नेणाऱ्या रो-रो बोटीने उतरा, पुढे दाभोळहून धोपाव्याला फेरीबोट घ्या. बोटीवर इंजिन बंद, पेट्रोल शून्य. पण म्हणून ते अंतर सोडून द्यायचं का? रस्त्याने वळसा घालून गेलो असतो तर जेवढे किलोमीटर झाले असते तेवढे आपल्या हिशेबात धरावेत. रॅम्पवर चढताना लिपचा करकर आवाज येईल, तिकडे लक्ष देऊ नये.

आता पेट्रोलविषयी. तुमचा मॅप १०० ऑक्टेनच्या, म्हणजे सहजी नॉकिंग न होऊ देणाऱ्या, पेट्रोलवर बसवलेला. ते पेट्रोल मोठ्या शहरांतल्या मोजक्या पंपांवर मिळतं. राजापूरच्या अलीकडे पंपावरचा मुलगा नळी हातात घेऊन एवढंच विचारणार, ‘साधं घालू की पॉवर?’ साधं घातलंत तर नॉक सेन्सर बिचारा टायमिंग मागे घेऊन इंजिन वाचवतो. ताकद कमी होते, खप वाढतो. शिवाय हल्ली वीस टक्के इथेनॉलचं ई-२० आहेच. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणून वीस टक्के मिसळल्यावर साधारण सहा-सात टक्क्यांचा फटका बसतो. चौदा देणारी गाडी तेरा देईल. तुमची आठ-नऊ देते. मधल्या फरकाचं काय करायचं? तोही ई-२० वरच टाका. सरकारला शिव्या घातल्या की हिशेब कुणी तपासत नाही, उलट दोघं-चौघं आपलीही रड सांगायला लागतात. हेच इथेनॉल परदेशात ट्यूनिंगवाले ऑक्टेन जास्त म्हणून हौसेने टाकीत भरतात, हे त्या वेळी आठवू नये.

टाकी टू टाकी, म्हणजे टाकी भरून निघून पोचल्यावर पुन्हा भरून, ॲव्हरेज मोजताना हात थोडा सैल ठेवावा. निघताना नळीचा कट लागल्यावरही मुलाला ‘अजून घाल, अजून घाल’ म्हणत पेट्रोल पार गळ्याशी आणायचं. गाडी हाताने हलवून बुडबुडे काढणारे साधकही मी पाहिलेत. पोचल्यावर मात्र पहिल्या कटला ‘बस्स!’ मुलगा ‘झिरो बघा’ म्हणाला तेव्हा बघितलं नसेल तरी चालेल, पण हा ‘बस्स’ वेळेवर आला पाहिजे. पाचशे किलोमीटरला ५५ लिटर गेले असतील तर ५३ दिसतात. नऊ पूर्णांक एकचे नऊ पूर्णांक चार झाले. बोलताना ‘दहाच्या आसपास’ म्हणायला तुम्ही मोकळे.

तरीही गावच्या तात्यांपुढे हे चालेलच असं नाही. तात्या पडवीत सुपारी कातरत बसलेले असतात. गाडी वाडीतल्या खडीच्या रस्त्याने येत नाही म्हणून तुम्ही ती मुख्य रस्त्यावर उभी करून सामानासकट रिक्षाने आलेले असता. (यात शेवटच्या दोन किलोमीटरचं पेट्रोल वाचतं, हा फायदा कुणाच्या लक्षात येत नाही.) ‘किती देता रे?’ तुम्ही दहा म्हणता. तात्या अडकित्ता थांबवतात. ‘शंभर किलोमीटराक धा लिटर?’ नाही तात्या, लिटरला दहा. ‘मगे ताच झाला मरे.’ नंतर ते मनातल्या मनात गुणाकार करतात, आणि तो तुमच्या डॅशबोर्डापेक्षा अचूक असतो. ‘तुतारी एक्स्प्रेसान इलो असतंस तर चवगांची तिकिटा काढून वर पापलेटा इली असती. येवढे पैसे घालून गाडी कित्याक बिघडवलंस?’ यावर टर्बो म्हणजे काय ते समजावू नका. मी एकाला समजावताना पाहिलं आहे. सगळं ऐकून घेऊन तात्यांनी विचारलं, ‘म्हणजे सीएनजी नाय?’

परतीच्या आकड्याची काळजी करू नका. डिकीत दोन फणस, नारळाचं पोतं, उकड्या तांदळाची पिशवी, आगळाच्या बाटल्या आणि आंब्याच्या पेट्या भरल्या की मागची चाकं फेंडरला घासायला लागतात. आठ असो, सात असो, फणसाकडे बोट दाखवायचं.

खरी परीक्षा घरात असते. म्हणून पंपावर पैसे फोनवरून देऊ नका. जॉइंट अकाउंटचा मेसेज शेजारच्या सीटवरच्या फोनवर तुमच्या आधी पोचतो, आकड्यासकट, आणि तो महाडमध्ये एकदा, लांज्यात एकदा आणि कणकवलीत पुन्हा वाजला की टाकीचा विषय निघतोच. रोख द्या. आणि पावती मागू नका, पावतीवर लिटर छापलेले असतात.