आग्रहाचं प्यादं

रविवारी सकाळी साडेनऊला इंदूरचा माणूस पोह्यांवर जिरावन भुरभुरत असतो. मी मात्र रामबागेतल्या एका हॉलमध्ये बुद्धिबळाच्या पटासमोर बसलो होतो, आणि समोर साक्षात माझे शाळेतले गणिताचे सर. वय त्यांचं ८१, माझं ५२. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि मी नकळत शर्टाचं वरचं बटण लावलं.

पांढरी मोहरी माझी. वजिराचं प्यादं दोन घरं सरकवलं, मग त्याच्या डावीकडचं. याला क्वीन्स गॅम्बिट म्हणतात. खरं तर हा पंगतीतला आग्रह. आपण प्यादं वाढायचं, समोरच्यानं पानावर आडवा हात धरायचा. सरांनीही राजाचं प्यादं एक घर पुढे करून 'नको' म्हटलं. फार सभ्य डाव. १९२७ मध्ये कापाब्लांका आणि अलेखिन जगज्जेतेपदासाठी भिडले, तेव्हा ३४ पैकी ३२ डावांत हीच 'घ्या-नको' चालली होती. रक्तदाबवाल्यांना याहून बरं काय?

माझ्या उंटानं सरांचा घोडा वजिरासमोर जखडला. प्याद्यांची मारामारी झाली आणि पाहतो तो काय, सरांचं मधलं प्यादं उघडं! घोडा हलला तर वजीरच जाणार. वयोमान, दुसरं काय. मला वाईटही वाटलं. पण तोवर हात गेलेला होता. कुणी आग्रह न करताच मी वाढून घेतलं.

"घेतलंस?" सर म्हणाले. खेळताना बोलायची बंदी असते, पण पंचही सरांचाच विद्यार्थी. तो छताकडे पाहू लागला.

सरांनी तोच जखडलेला घोडा उचलून माझा घोडा मारला. मी हर्षभरानं वजीर खाल्ला. मग राजाशेजारून सरकत आला त्यांचा उंट. शह! मध्ये घालायला माझ्याकडे फक्त वजीर. तो गेला, उंट गेले, आणि हिशेब मांडला तर एका प्याद्यापायी अख्खा घोडा खर्ची. नवव्या खेळीला मी राजा आडवा केला. बाहेर पोह्यांची पहिली कढईसुद्धा संपली नव्हती.

"एलिफंट ट्रॅप म्हणतात याला," सर सही करता करता म्हणाले. "१८४८ साली बर्लिनमध्ये एक जण यातच गेला. तुला १७७ वर्षं मिळाली होती अभ्यासाला."

"पण सर, यात हत्ती तर कुठे हललाच नाही!"

सरांनी पटाकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं.

"बटण उघड ते," म्हणाले, "आणि चल, पोहे तू खिलवणार आहेस."