पी ०२३१ चा दिवा आणि माझं एक चुकलेलं वाक्य

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. फ्युएल पंपाला थेट बॅटरीवरून वीज देण्याबद्दलचा माझा लेख वाचून तुम्ही पंपाला बॅटरीपासून नवी जाड वायर आणि रिले (विजेवर चालणारा स्विच) टाकून घेतला. चौथ्या दिवशी चेक इंजिनचा दिवा लागला, स्कॅनरवर पी ०२३१ हा बिघाडाचा कोड दिसला. कोड मिटवला तरी परत येतो आणि गॅरेजवाला आता पंपच बदला म्हणतोय. शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘अर्धवट माहिती देऊ नका.’ ते मला लागलं, कारण ते खरं आहे.

आधी महत्त्वाचं: पंप बदलू नका. तुम्हीच दिलेले आकडे बघा. इंजिन चालू असताना पंपाच्या कनेक्टरवर पूर्वी ११.४ व्होल्ट मिळत होते, आता १३.५ मिळतात. खंबाटकीच्या चढावर गाडी दम टाकायची, तेही थांबलं म्हणता. म्हणजे पंपाला हवं ते मिळतंय. पी ०२३१ हा पेट्रोलच्या दाबाचा कोडच नाही. रिलेकडून पंपाकडे जाणाऱ्या सर्किटमध्ये व्होल्टेज कमी दिसतंय, एवढंच ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, सांगतोय.

आणि ते त्याला कुठे दिसतं, तिथेच सगळी गोम आहे. बऱ्याच गाड्यांमध्ये ईसीयू रिलेला हुकूम देऊन मोकळा होत नाही. रिलेतून निघणाऱ्या पंपाच्या वायरला एक बारीक वायर जोडलेली असते, तिच्यावरून तो वीज खरंच पुढे गेली का ते तपासतो. तुमच्या फिटरने मूळ रिले काढून टाकला आणि त्याच्या सॉकेटमधल्या कॉइलच्या (रिले चालू करणाऱ्या) पिनांवरून नवा रिले चालवला. पंप छान चालतो, पण जुनी वायर पूर्ण मेली. ईसीयू अजून तिच्याकडेच बघतोय आणि त्याला तिथे शून्य दिसतंय. कोड कितीही वेळा मिटवा, तो परत येणारच.

‘सिग्नल रिलेच्या सॉकेटमधून किंवा टाकीजवळून, जिथे सोयीचं असेल तिथून घ्या’ हे त्या लेखातलं, नवा रिले चालू करणाऱ्या सिग्नलबद्दलचं वाक्य माझंच. माझ्या गाडीत ती तपासणीची वायर नाही, म्हणून मला हा त्रास कधी झाला नाही, आणि एका गाडीच्या अनुभवावर मी सगळ्यांसाठी लिहून मोकळा झालो. ते वाक्य आज दुरुस्त केलं आहे. तुम्हाला झालेल्या मनस्तापाबद्दल मनापासून माफी मागतो.

आता उपाय. बॅटरीची मायनस काढा. मूळ रिले त्याच्या जागी परत बसवा. नवा रिले टाकीजवळ न्या आणि पंपाकडे येणारी जुनी प्लस वायर त्याच्या ८६ नंबरच्या पिनला द्या, ८५ ला चांगलं अर्थिंग. बॅटरीकडून आलेली जाड वायर ३० ला, ८७ वरून पंप. जुन्या वायरवर आता फक्त कॉइलचा भार, साधारण पाव अँपिअरच्या आत. ती गरम होणार नाही आणि ईसीयूला तिच्यावर पूर्वीसारखंच व्होल्टेज दिसेल. जाड वायरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा. टाकीजवळ सोल्डरिंग अजिबात नको, तिथे पेट्रोलची वाफ असते. वायरच्या टोकाची थिंबल नीट दाबून घ्या.

तुमच्या मित्राने सुचवलेला इग्निशनच्या वायरवरून सिग्नल घेण्याचा मार्ग मात्र कृपया धरू नका. त्याने हा कोड जाणार नाहीच, शिवाय इंजिन बंद पडल्यावर ईसीयू पंप थांबवतो ते संरक्षणही जाईल. अपघातात पेट्रोलची नळी तुटली आणि चावी चालूच राहिली, तर पंप पेट्रोल ओततच राहील. त्यामुळे जोडणी झाल्यावर इंजिन सुरू न करता नुसती चावी फिरवा. पंप दोनेक सेकंद गुणगुणून थांबला पाहिजे. थांबला नाही, तर गाडी रस्त्यावर काढू नका.

काही गाड्यांमध्ये पंपाचा वेग वेगळं मॉड्यूल कमी-जास्त करतं. तिथे असा रिले टाकायचाच नाही. तुमच्या गाडीत साधा रिले होता, म्हणून हे सांगतोय.

एवढं करूनही दिवा लागला, तर इंजिन चालू ठेवून ८५ आणि ८६ च्या मध्ये मल्टिमीटर लावा आणि आकडा इथे लिहा. त्यावरून पुढे बघू.