‘ढकला, म्हणजे भीती जाईल’ म्हणणाऱ्यांना

शाळा उघडायच्या आठवड्यात ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरत होता. वर्गातल्या पालकांनी तो मला पाठवला, नातेवाइकांनीही पाठवला. त्यात म्हटलं होतं: आमच्या वेळी मुलांना अँक्झायटी वगैरे नव्हती, ही सगळी आजच्या लाडांची फळं. सकाळी पोटात दुखतं म्हणणारं पोर नाटक करतं. आम्हाला विहिरीत ढकललं आणि आम्ही पोहायला शिकलो, तसं मुलांनाही ढकला. दोन धपाटे घाला, मोबाइल काढून घ्या, सगळं सुरळीत होईल. आणि मानसोपचारवाल्यांच्या नादी लागलात तर मुलावर शिक्का बसेल, गोळ्या जन्मभर सुटणार नाहीत.

मी प्राथमिक शाळेत लहान वर्गांना शिकवते. हा मेसेज खरा मानून घरी तो अमलात आणणारे आईबाबा मला भेटतात. म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देते आहे.

‘आमच्या वेळी नव्हतं’

होतं. अमेरिकेत १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी पीटर नावाच्या जेमतेम तीन वर्षांच्या मुलाची सशाची भीती कशी घालवली, ते लिहून ठेवलं आहे. तेव्हा ना मोबाइल होता, ना लाडावणारे आजचे आईबाप. आपल्याकडेही संध्याकाळी किरकिरणाऱ्या पोराची मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढायचे, ‘भ्यायलंय पोर’ म्हणून अंगारा लावायचे. मुलं घाबरतात हे आपल्या आज्यांना चांगलं ठाऊक होतं. मात्र जे मूल फारच घाबरायचं, त्याची शाळा चौथी-पाचवीत गुपचूप सुटायची आणि ‘त्याचं अभ्यासात डोकं नाही’ असं सांगितलं जायचं. मुलगी असेल तर ती ‘लाजाळू’ ठरायची, आणि तेवढ्यावर विषय संपायचा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांमध्ये कुठला ना कुठला मानसिक आजार आढळला. त्या वयाच्या वर्गांना हा आकडा लावला तर दर वर्गात दोन-तीन मुलं निघतात.

आणखी एक गोष्ट. प्रत्येक भीती हा आजार नसतो. आठ-दहा महिन्यांचं बाळ अनोळखी माणूस पाहून रडतं, चार वर्षांच्या मुलाला अंधाराची भीती वाटते, तेराव्या वर्षी ‘लोक काय म्हणतील’ हे मनाला खातं. हे वयाप्रमाणे येतं आणि जातं. भीतीपायी मुलाची झोप, जेवण, शाळा किंवा मित्र सुटायला लागले आणि असं आठवडेच्या आठवडे चाललं, तर मात्र ते अंगावर काढू नये.

‘सकाळची पोटदुखी म्हणजे नाटक’

या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण यानेच मुलाचा घरावरचा विश्वास उडतो. धोका जाणवला की मेंदूच्या इशाऱ्यावर मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी रक्तात अॅड्रेनलिन हे संप्रेरक सोडतात. छाती धडधडते, हातपायांकडे जास्त रक्त जातं, पोटाकडे कमी. पोटात गोळा येतो, मळमळतं, कळ येते. धोका खरा असो की मनातला, पोट तसंच दुखतं. रविवारी दुखत नाही आणि सोमवारी सात वाजता दुखतं, म्हणजे मूल खोटं बोलतंय असा अर्थ निघत नाही. भीतीचं कारण सोमवारी आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, घटणारं वजन, शौचातून रक्त, यांना ‘भीती’ म्हणून सोडून देऊ नका. तपासणीत काही निघालं नाही, तर पुढचं काम घरचं.

ते काम अवघड आहे, कारण इथे आईबाबा दोन टोकांना जातात. एक म्हणतो, ‘गप ऊठ, काही होत नाही.’ दुसरं म्हणतं, ‘बरं, आज राहा घरी.’ पहिल्यात मूल खोटं ठरतं. दुसऱ्यात त्याला लगेच हायसं वाटतं आणि मेंदू धडा शिकतो, की घरी राहिलो म्हणून वाचलो. मग मंगळवारी दुखणं वाढतं. मी पालकांना एवढंच बोलायला सांगते: “पोटात दुखतंय हे खरं आहे, मला कळतंय. भीतीने दुखतं असं. तरी आपण शाळेत जायचं आहे, आणि तुला ते जमेल. मी बाईंना सांगितलंय, पहिला तास तू त्यांच्या टेबलाजवळ बस.” आवाज न चढवता, आणि व्हॅन खाली उभी असताना वाद न घालता. तोच प्रश्न दहा वेळा आला तरी दहा वेळा नवं आश्वासन देऊ नये. एकदा नीट उत्तर द्यावं, मग बूट घालायला घ्यावेत. आणि वर्गात कुणी त्रास देतंय का, कुठल्या सरांची धास्ती आहे का, हे शाळेत येऊन विचारावं. कधी कधी भीतीला चांगलं ठोस कारण असतं. तेव्हा मुलाला नव्हे, शाळेला बदलायला लागतं.

‘विहिरीत ढकललं आणि शिकलो’

गावाकडे पोहायला कसं शिकवायचे, ते ज्यांनी पाहिलंय त्यांनी आठवून बघावं. पोराच्या पाठीला सुका भोपळा किंवा रिकामा डबा बांधायचे, कमरेला दोर, दोराचं टोक काठावरच्या काकाच्या हातात, आणि एक मोठा माणूस आधीच पाण्यात. आधी पायरीवर बसून पाय मारायचे. डबा सुटायचा तो कितीतरी दिवसांनी. मेसेज लिहिणाऱ्याला शेवटची उडी आठवते, त्याआधीचा डबा आणि दोर आठवत नाही. ज्यांना खरंच नुसतं ढकललं, त्यातले काही जन्मभर पाण्याजवळ गेले नाहीत.

मेसेजमधलं एक मात्र मला मान्य आहे. मुलाला प्रत्येक भीतीपासून वाचवत राहिलं की भीती वाढते. ते दुकानात बोलत नाही म्हणून आपण बोलायचं, वाढदिवसाला जायला घाबरतं म्हणून निमंत्रणच नाकारायचं, याने मूल आणखी आक्रसतं. निदान बरोबर आहे, पण औषध चुकलं आहे.

आमच्या भागातल्या एका टॉवरमध्ये वीज गेली आणि जनरेटर सुरू होईपर्यंत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत आजी आणि दुसरीतली नात. त्या दिवसापासून मुलगी चौदाव्या मजल्यावरून जिन्याने उतरायला लागली. आजीचे गुडघे दुखू लागले, तेव्हा बाबांनी तिला एकदा उचलून तशीच लिफ्टमध्ये नेली, ती किंचाळत असताना. पुढचे काही दिवस ती लॉबीतही थांबेना.

मग आईने उलटं केलं. पहिल्यांदा दोघी लॉबीतल्या बाकावर बसून लिफ्ट वरखाली जाताना नुसते आकडे बघायच्या. वॉचमनकाकांनी मुलीला धोक्याची घंटा स्वतः वाजवून दाखवली, पंख्याची हवा कुठून येते ते दाखवलं. पुढे दार उघडं धरून आत उभं राहायचं. भीती दहापैकी किती, ते मुलीने सांगायचं. आठ म्हणाली तर आई “निघूया का?” असं विचारायची नाही. तिथेच थांबायची, आणि आकडा चारवर आला की बाहेर यायच्या. मग एक मजला वर, येताना जिन्याने. तेच तेच, मुलीला कंटाळा येईपर्यंत. मग दोन मजले. मग आई वरच्या मजल्यावर उभी आणि मुलगी आजीबरोबर लिफ्टमध्ये. पुढची पायरी कोणती, ते मुलगी ठरवायची. पायरी चढायचीच, हे आई ठरवायची.

यात युक्ती आहे ती थांबण्यात. भीतीच्या शिखरावर पळ काढला तर सुटल्यासारखं वाटतं आणि भीती पक्की होते. थांबलं तर शरीर आपोआप शांत होतं आणि मेंदूला कळतं, की काही झालं नाही. मेरी कव्हर जोन्स यांनी पीटरच्या बाबतीत अशाच पायऱ्या केल्या होत्या. तो आवडीचं खात असताना पिंजऱ्यातला ससा आधी लांब, मग थोडा थोडा जवळ. शेवटी त्याने सशाला कुरवाळलं.

‘दोन धपाटे घाला’

२०१६ साली अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी ७५ अभ्यास आणि १ लाख ६० हजारांहून अधिक मुलांची माहिती एकत्र करून पाहिली. धपाट्यांनी मुलं जास्त ऐकतात असं दिसलं नाही. मार खाणाऱ्या मुलांमध्ये आक्रमकपणा आणि मनाचे त्रास मात्र जास्त दिसले. शाळेत तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मारायला आणि मानसिक छळाला बंदीच आहे. घाबरलेल्या मुलाला मारलं की त्याला भ्यायला आणखी एक गोष्ट मिळते, आणि ती गोष्ट घरातच राहते.

‘मोबाइल काढून घ्या’

रात्री मोबाइल खोलीबाहेर ठेवा, त्याने झोप सुधारते. पण मोबाइल ही बऱ्याचदा लपायची जागा असते, भीतीचं मूळ नसते. पायऱ्या न देता नुसती लपायची जागा काढून घेतली, तर मूल दुसरी शोधतं.

‘शिक्का बसेल, गोळ्या सुटणार नाहीत’

हा धाक ठाण्यात जास्त बसतो, कारण १९०१ पासूनचं मनोरुग्णालय आपल्या गावात आहे आणि ‘तुला ठाण्याला पाठवायला पाहिजे’ ही शिवी मुंबईभर चालते. शाळेच्या मैदानातही ती मी ऐकली आहे. पण याच गावात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली. मदत मागायला फार लांब जायची गरज नाही.

गोळ्यांचं म्हणाल, तर मुलांच्या चिंतेवर सहसा आधी संवादातून उपचार करतात. वर सांगितलेल्या पायऱ्या हा त्याच उपचाराचा गाभा, नाव सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी), म्हणजे विचार आणि वागणं हळूहळू बदलायला शिकवणारा उपचार. अमेरिकेत ७ ते १७ वयाच्या ४८८ मुलांवर झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निकाल २००८ साली आले. १२ आठवड्यांनी नुसत्या सीबीटीने सुमारे ६० टक्के मुलांमध्ये स्पष्ट सुधारणा होती, नुसत्या औषधाने ५५ टक्के, दोन्ही मिळून ८१ टक्के आणि औषध नसलेल्या खोट्या गोळीने २४ टक्के. म्हणजे बऱ्याच मुलांना गोळीविनाही बरं वाटतं. ज्यांना गोळी लागते त्यांनाही ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली पुढे कमी करता येते. फक्त ती आपल्या मनाने सुरू किंवा बंद करायची नाही. मूल स्वतःला इजा करण्याचं किंवा ‘मी नसतो तर बरं’ असं बोलू लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

‘आमचा मुलगा यायलाच तयार नाही,’ असं पालक म्हणतात. मग तुम्ही जा. येल विद्यापीठातल्या १२४ मुलांच्या एका अभ्यासात निम्म्या घरांत फक्त आईबाबांना शिकवलं गेलं, मुलांना भेटलंही नाही. त्या मुलांमध्ये स्वतः उपचार घेणाऱ्या मुलांइतकीच सुधारणा दिसली. सुरुवात कुठून करायची ते सुचत नसेल, तर ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेली टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ वर आहे. फोन फुकट लागतो, दिवसरात्र कधीही, आणि मराठीत बोलता येतं.