पेनड्राइव्ह कपाटात ठेवला की फोटो ५० वर्षं टिकतात? खुलासा

बडोद्यातल्या मराठी घरांत हा सल्ला सध्या फिरतोय: 'लग्नाचे फोटो पेनड्राइव्हवर घाला, कपाटात ठेवा, ५० वर्षं हात लावू नका.' कृपया असं करू नका. पेनड्राइव्हमधल्या फ्लॅश मेमरीत (साठवणुकीच्या चिपमध्ये) माहिती विद्युतभाराच्या रूपात असते. तो हळूहळू गळतो, उष्णतेत जास्तच वेगाने. आणि बडोद्याचा मे ४० अंशांपुढे जातो. पत्र्याखालचा माळा तर नकोच.

दोन वेगळ्या कंपन्यांच्या हार्ड डिस्कवर प्रती करा, तिसरी परगावी नातेवाइकांकडे. प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ चेकसम (फाइलमधल्या माहितीवरून संगणकाने काढलेला सांकेतिक ठसा; फाइल जराही बदलली की तोही बदलतो) नोंदवा आणि दर दिवाळीला ताडून पाहा. फोल्डरमध्ये नावं दिसली म्हणजे फोटो शाबूत, असं नाही! चेकसम जुळला नाही, तर ती फाइल दुसऱ्या प्रतीवरून आणा. डिस्क साधारण ५ वर्षांनी बदला.